एकशे चाळीसचं तेल

तुम्हाला मी चोर म्हणत नाही. चोराला निदान बाजारभाव माहीत असतो. तुम्ही माझ्या भाचीच्या ताटातलं तेल काढून नेलंत. तेही माझ्याच दुकानात, माझ्याच तोंडून. वर त्याला नाव दिलंत आकडेवारी. मी हे कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. शाळा मी सातवीत सोडली. अर्ज लिहायला शिकले ती तुमच्या सरकारी खिडक्यांपुढे ताटकळत. तेव्हा भाषा टोचली तर टोचू द्या.

माझं किराण्याचं दुकान आहे. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात. पुढं फळी, फळीवर लहान तराजू, मागं पोती वजन करायचा मोठा काटा आणि कोपऱ्यात तोटी बसवलेला तेलाचा पंधरा लिटरचा डबा. तोटीखाली नरसाळं आणि खिळ्याला लटकवलेली पळी. आमच्या गल्लीत लिटरनं तेल घेणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. बाकीचे पळीनं घेतात. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आणतात आणि म्हणतात, "दोन पळ्या दे, आणि नरसाळं नीट निथळू दे." शेवटचा थेंब पडेपर्यंत नजर हटत नाही. लिटरनं घेणाऱ्याला तेल दोनशे बाराला पडतं, पळीनं घेणाऱ्याला अडीचशेला. ज्याच्या खिशात कमी त्याला जास्त भाव. वरचा नफा मी घेते. तेही लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला शोधायची तसदी नको.

सव्वा वर्षापूर्वी तुम्ही हुकूम काढलात की सुटं तेल लिटरला एकशे चाळीसच्या वर विकायचं नाही, अंडं पाचच्या वर नाही, कांद्यालाही असाच बांधलेला भाव. प्रत्येकाला पत्र्याची पाटी दिलीत, पाटीचे पैसेही आमच्याकडूनच घेतलेत. त्या दिवशी घाऊक बाजारात तेलाचा डबा दोन हजार शंभरला होता, म्हणजे तो मलाच लिटरमागं एकशे चाळीसला पडत होता. नफा काय, वाऱ्यावर? आज तोच डबा दोन हजार नऊशेला आहे. घाऊकवाल्याच्या गोदामावर पाटी नाही. ती फक्त माझ्या डोक्यावर आहे.

पाटीमागोमाग तुमची दोन माणसं यायला लागली.

एक शिक्केवाला. कधीही येतो. मोटारसायकल दुकानाला टेकवून लावतो, पाटी पुसलेली आहे का बघतो. जास्त भावानं विकताना सापडलं की दंड, सील. दर महिन्याला स्वतःचा दोन लिटरचा कॅन पुढं करतो. "भर. पाटीच्या भावानं. आणि पावती दे, आपण नियमात राहतो." मी भरते. लिटरमागं त्रेपन्नाचा फटका खाते आणि स्वतःच्या हातानं पावती लिहिते, सुटं तेल, दर एकशे चाळीस. सबंध गल्लीत सरकारी भावानं तेल खाणारा तो एकटा.

दुसरी भाववाली. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. पायात झिजलेल्या चपला, हातात फळीला अडकवलेला कागद. ती क्रमानं विचारते. मध्यम तांदूळ, पीठ, सुटं तेल, डाळ, साखर, साबण. मग शेजारच्या अंडेवाल्याकडं वळून अंडी, मग पलीकडं कांदा. पहिल्या दिवशीच तिनं सांगितलं होतं, "मी फक्त लिहून घेते. दंडाशी माझा संबंध नाही." पण तिच्या गळ्यात ओळखपत्र होतं तेच, निळ्या फितीचं, जे शिक्केवाल्याच्या गळ्यात. बॅग तीच. बॅगेवर पत्ता त्याच इमारतीचा. कोण विश्वास ठेवेल? अंडेवाला तर ती गेल्यावर म्हणाला, "मांजर म्हणतंय मी दूध फक्त मोजते."

म्हणून ती विचारायची, "सुटं तेल?" आणि मी पाटीकडं बोट करून म्हणायची, "एकशे चाळीस." अंडेवाला नऊचं अंडं पाच सांगायचा. कांदेवालीही तिच्या पाटीवरचाच भाव सांगायची. सगळी गल्ली एका सुरात खोटं बोलायची. भाववाली मान खाली घालून लिहायची. चौदा महिने.

माझी धाकटी बहीण सरकारी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. चादरी, रोग्यांचे कपडे, काय काय असतं त्यावर ते सांगत नाही, तुमची जेवणाची वेळ असेल. सोड्यानं तिच्या बोटांची कातडी सोलून निघालीय. तिची मुलगी पाच वर्षांची. मुलीचं वजन वाढत नाही. त्याच रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या चिठ्ठीवर औषध लिहिलंच नाही. लिहिलं, तेल रोज चार चमचे, अंडं एक, डाळ. धाकटी चिठ्ठी घेऊन औषधांच्या खिडकीवर गेली तेव्हा आतला माणूस हसला. "बाई, हे आमच्याकडं नाही. हे श्रीमंतांच्या दुकानात मिळतं."

दर रविवारी धाकटी पोरीला माझ्याकडं आणायची आणि पोत्यांच्या काट्यावर उभी करायची. पोर हात वर करून ओरडायची, "मावशी, मी किती पोती?" साडेबारा किलो. पुढच्या रविवारी साडेबारा. त्याच्या पुढच्या रविवारी बारा किलो आठशे, तेव्हा आम्ही दोघी हसलो, मग लक्षात आलं की पायात बूट होते.

मी तेल फुकट द्यायला तयार होते. धाकटी घेत नाही. "तू विकत आणतेस ना? मग मी विकत घेते." खरेदीच्या भावानं, एकशे त्र्याण्णवला, लिटरची बाटली भरून न्यायची. पैसे परत केले तर पुढचा आठवडा तोंड दाखवायची नाही. लहानपणापासून अशीच, वाकायची नाही.

तिची सगळी भिस्त महागाई भत्त्यावर होती. वर्षातून दोनदा ठरतो. धुलाईखान्यातल्या बायका महिना महिना तेच बोलत होत्या, वाढला तर अंडं रोजचं होईल, वाढला तर डाळीत पाणी कमी घालू. एका रविवारी ती आली ती कागद हातात घेऊनच. पोरीला काट्यावर ठेवलंही नाही.

"ताई, हे वाच. मोठ्यानं वाच."

मी वाचलं. "सहा महिन्यांतील भाववाढ शून्य पूर्णांक चार टक्के. सबब भत्त्यात वाढ देय नाही."

"पुढं वाच. यादी आहे."

"सुटं तेल, लिटर, एकशे चाळीस."

"कुठं आहे हे दुकान?" ती म्हणाली. "मला पत्ता दे. मी डबा, पिंप, बादली, जे असेल ते घेऊन रांगेत उभी राहते. एकशे चाळीस! मेल्यांनी स्वप्नात बाजार केला की काय?"

मी यादी खालपर्यंत वाचली. मध्यम तांदूळ, पीठ, सुटं तेल, डाळ, साखर, साबण, अंडी, कांदा. साबणानंतर अंडी. जगात कुठल्या यादीत साबणानंतर अंडी येतात? माझ्या दुकानात साबण संपतो आणि पुढच्या पावलावर अंडेवाला बसतो, म्हणून येतात.

"हे मी सांगितलंय," मी म्हणाले.

"काय सांगितलंस?"

"हा आकडा. दर महिन्याला. ती भाववाली येते ना."

धाकटी आधी हसली. "तुला कोण विचारतंय गं? तू काय मंत्री आहेस?" मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसू ओसरलं. "म्हणजे चौदा महिने माझा भत्ता तू कापलास?"

"मी घाबरले गं. वाटलं, ती शिक्केवाल्याचीच आहे. खरं सांगितलं असतं तर सील लागलं असतं."

"तुझं दुकान वाचलं."

"तसं नाही..."

"कसं नाही?" तिचा आवाज चढला नाही, त्याचीच मला भीती वाटली. "मी चौदा महिने त्या साहेब लोकांना शिव्या देत होते. म्हणत होते, यांना बाजारात कुणी भाव सांगत नाही का. सांगत होतं की! माझी सख्खी बहीण सांगत होती."

तिनं स्वतःच तोटी उघडली. बाटली भरली, बूच लावलं आणि फळीवर मोजून पैसे ठेवले. एकशे चाळीस.

"सरकारी भाव," म्हणाली, आणि पोरीला घेऊन निघून गेली.

आजवर कितीतरी गिऱ्हाइकांनी तोंडावर शिव्या घातल्या असतील. एवढं लागलं नव्हतं.

धुलाईखान्यातल्या बायकांनी भत्त्यावर हरकत घेतली. त्यासाठी तीस दिवस होते आणि त्या मुदतीत एक दुसरा मंगळवार पडत होता. त्या महिन्याचे भाव धरून फेरहिशोब होतो, असं धुलाईखान्यातल्या कारकुनानं सांगितलं होतं. मी अंडेवाल्याला म्हटलं, "या खेपेला सगळ्यांनी खरं सांगायचं."

"तू आधी सांग," तो म्हणाला. "तुझ्या दुकानाला सील लागलं की मी तुझ्या शटरपुढं अंडी मांडतो. सावली बरी आहे तिथं."

"थट्टा नको."

"थट्टा कोण करतंय? मला तीन पोरं आहेत. खरं बोलायला लागतं पोट भरलेलं. आणि आई म्हणायची, खोटं बोलताना निदान उभ्या उभ्या बोलता येतं, खरं बोललं की कचेरीत बसवून ठेवतात." कांदेवालीनं तर ऐकलंच नाहीसं केलं.

मंगळवारी भाववाली आली. तांदूळ झाला, पीठ झालं.

"सुटं तेल?"

"दोनशे बारा."

तिचं पेन थांबलं. वर न बघता तिनं पुन्हा विचारलं, "सुटं तेल, ताई?"

"दोनशे बारा. आणि पळीनं अडीचशे. आजवर मी खोटं सांगत आले."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मीसुद्धा तेल खाते ना, ताई. घरी जाताना कोपऱ्यावरून पळीनंच घेते."

मला तिची मान पकडावीशी वाटली. "मग लिहिलं का नाहीस?"

"दुकानदार सांगेल तेच लिहायचं असा नियम आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं चालत नाही." तिनं इकडंतिकडं बघितलं. "एकदम एवढा भाव चढला की वरचे विचारतात. मला पुरावा लागेल. एका लिटरची पावती कराल? दोनशे बाराची? तुमची सही घालून?"

मी पावती केली. आकडा पुसट उमटला, म्हणून दोनदा गिरवला. तिनं ती घडी घालून कागदाखाली सरकवली आणि जाताना हळूच म्हणाली, "चौदा महिन्यांत पहिल्यांदा खरं लिहून घेतेय." अंडेवाल्याकडं वळली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाला, "पाच."

नऊ दिवसांनी शिक्केवाला आला. कॅन आणला नव्हता. त्याच्या हातात माझ्या पावतीची झेरॉक्स होती, दोनदा गिरवलेला आकडा आणि खाली माझी सही.

"हे तुझंच ना?"

"ही तुमच्याकडं कशी आली?"

"वरच्या मजल्यानं खाली पाठवली. लेखी कबुली आहे, बाई. आजवर असा सोपा गुन्हा मिळाला नव्हता." त्यानं मलाच शटर ओढायला लावलं. तार ओवली, लाख वितळवली, शिक्का मारला. आत दोन भरलेले डबे राहिले, पीठ राहिलं, आणि काटाही राहिला.

त्यानंतर चार दिवसांनी धाकटी आली. सील बघून तिला कळलं की मी खरं बोलले. शटरला टेकून माझ्या शेजारी फूटपाथवर बसली. पिशवीतून कागद काढला. फेरहिशोबाचा निकाल होता. सुटं तेल, लिटर, एकशे चाळीस. खाली बारीक अक्षरात, एक नोंद विसंगत आढळल्याने वगळली. भत्त्यात वाढ देय नाही.

"ताई," ती म्हणाली, "तुझं दुकान गेलं ते दोनशे बारानं. माझा भत्ता गेला तो एकशे चाळीसनं. आपण दोघी एकाच बाजारात राहतो ना गं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तुमच्या इमारतीत आलो. पहिल्या मजल्यावर दंडाची खिडकी. तिथल्या माणसानं पैसे मोजून घेतले आणि पावती दिली. तीवर छापील अक्षरात कारण होतं, इथं मी तुमचेच शब्द उतरवते, "सुटे तेल प्रति लिटर २१२ या दराने विकल्याचे सिद्ध झाल्याबद्दल." सिद्ध. गोल शिक्का. सील कधी काढणार विचारलं तर म्हणाला, "पुढील आदेशापर्यंत."

ती पावती घेऊन आम्ही तिसऱ्या मजल्यावर चढलो. मधे छत्तीस पायऱ्या. धाकटीनं मोजल्या. वर आकडेवारीचे साहेब बसतात. माणूस चांगला वाटला, आम्हाला खुर्च्या दिल्या. मी पावती पुढं ठेवली.

"हा तुमचाच शिक्का आहे. तुम्हीच सिद्ध केलंय. आता दोनशे बारा लिहा."

"तो विभाग वेगळा."

"इमारत एक आहे."

"बाई, आम्ही पुराव्याशिवाय काही वगळत नाही." त्यांनी फाईल उघडली. "तुमच्याच दुकानाच्या चौदा पावत्या आहेत. दर एकशे चाळीस. चौदा विरुद्ध एक. तुम्हीच सांगा, मी काय धरू?"

मी पावत्या बघितल्या. सगळं माझं अक्षर. शिक्केवाल्याच्या कॅनमधलं तेल. दर महिन्याला मला लुबाडून त्यानं जे नेलं, त्याच्या पावत्या त्यानं इमानदारीनं वर जमा केल्या होत्या.

"साहेब," धाकटी म्हणाली, "तुमच्या घरी तेल कितीचं येतं?"

साहेबांनी फाईल मिटली. "घरचं मिसेस बघतात."

खाली उतरताना धाकटी प्रत्येक पायरीवर थांबून मोठ्यानं मोजत होती. "एकशे बेचाळीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे सेहेचाळीस..." पायरीला दोन. दंडाच्या खिडकीसमोरच्या शेवटच्या पायरीवर दोनशे बारा भरले. रांगेतले लोक हसायला लागले. आम्हाला हसू आलं नाही.

काल पुन्हा दुसरा मंगळवार होता. दुकानाला सील. अंडेवाल्यानं म्हटल्याप्रमाणे शटरपुढं अंडी मांडली होती, पण मला बघून त्यानं सरकून अर्धी सावली रिकामी केली. भाववाली आली. सीलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही. कागदावर काहीतरी लिहिलं. मी उठून डोकावले.

सुटं तेल. दुकान बंद. मागील मान्य भाव कायम. एकशे चाळीस.

"नियम आहे, ताई," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. भरू देत. मला त्याचा काय उपयोग?

मग ती अंडेवाल्याकडं वळली. "अंडी?"

त्यानं एकदा सीलकडं बघितलं. लाख उन्हानं मऊ झाली होती. "नऊ," तो म्हणाला. "लिही. पावती मागू नकोस."

"पावतीशिवाय..."

"मग राहू दे. पण मी नऊ म्हणालो, एवढं तू ऐकलंस ना?"

तिनं कागदावर पेन टेकवलं. नऊ लिहिलं की पाच, ते मला दिसलं नाही. पुढच्या यादीत कळेल.

तर आता ऐका. माझं दुकान बंद आहे, आत तेलाचे दोन डबे आहेत, आणि तुमच्या हिशोबात मी रोज एकशे चाळीसनं तेल विकते आहे. माझ्या एका हातात तुमचा कागद आहे, तेल दोनशे बारा, सिद्ध. दुसऱ्या हातात तुमचाच कागद आहे, तेल एकशे चाळीस, मान्य. एकानं माझं दुकान खाल्लं, दुसऱ्यानं धाकटीचा भत्ता खाल्ला. दोन्हींवर गोल शिक्का तोच. भाचीचं वजन गेले चार रविवार केलेलं नाही, कारण काटा तुमच्या सीलमागं आहे. किती पोती ते तिलाही कळत नाही, मलाही नाही.

दोनशे बारा खरं असेल तर माझा दंड ठेवा आणि धाकटीचा चौदा महिन्यांचा भत्ता द्या. एकशे चाळीस खरं असेल तर माझा दंड परत करा, सील काढा, आणि ते एकशे चाळीसचं तेल कुठल्या दुकानात मिळतं त्याचा पत्ता द्या. धुलाईखान्यातल्या साठ बायका बाटल्या घेऊन उभ्या आहेत. मला चौकशी नको, समिती नको, "आपला अर्ज विचाराधीन आहे" हे तर मुळीच नको.

खाली मोकळी जागा सोडली आहे. त्यात एकच आकडा लिहा आणि सही करा.

आमच्या शहरात आज एक लिटर तेल कितीला आहे?